शब्द निवडणारी अवजारे : ग्रेप, सेड आणि ऑक

द्वितीय वर्ष, कला शाखा

संगणक म्हटला की आपल्या कला शाखेतील मुलामुलींच्या डोळ्यांपुढे आकडेमोड उभी राहते. ते आकड्यांचे यंत्र, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून आपण त्याला दुरूनच नमस्कार करतो. गेल्या वर्षापर्यंत मीही तेच करीत होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील धान्याच्या आडतीवर हमाली करतात, आई मजुरीला जाते आणि आजीला अक्षरओळख नाही. तेव्हा कॉम्प्युटर हे आपल्या वाट्याचे नव्हे, असे मी मनाशी धरून चालले होते. ही समजूत कशी चुकीची ठरली आणि ती चुकीची ठरवायला माझी निरक्षर आजीच कशी उपयोगी पडली, ते या लेखात सांगायचे आहे. त्या ओघात ग्रेप, सेड आणि ऑक या तीन अवजारांची ओळखही करून देता येईल.

लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. दोन वह्या भरल्या, ओव्या झाल्या २१२. सरांनी वह्या चाळल्या आणि एकच प्रश्न विचारला, “यात भावाचा उल्लेख किती वेळा आहे? नवऱ्याचा किती?” मी पेन्सिल घेऊन बसले. भावाचे उल्लेख पहिल्यांदा ४३ भरले, दुसऱ्यांदा ४७ आणि तिसऱ्यांदा ४५. तीन मोजण्या आणि तीन उत्तरे! मग वह्या घेऊन एका संगणक-कक्षात गेले, तर तिथे एकाने ऐकवले, “आर्ट्सवाल्यांना कशाला हवा कॉम्प्युटर? टायपिंग करायचे असेल तर बाहेर दुकानात करा.” मी काही न बोलता परत आले. शेवटी आमच्या गल्लीतील, विज्ञान शाखेत शिकणाऱ्या एका दादाने आपल्या जुन्या संगणकावर एक काळी खिडकी उघडून दिली. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, नुसती एक लुकलुकणारी रेघ. तो म्हणाला, “इथे हुकूम लिहायचा आणि एंटर दाबायचे. ओव्या टाइप करून आण. एक ओवी एका ओळीत.” मी आणि माझ्या मैत्रिणीने वह्या वाटून घेतल्या आणि आठ दिवसांत सगळ्या ओव्या टाइप केल्या.

अवजारांचा जन्म

ही अवजारे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत तयार झाली. तिथे १९६९ मध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीची सुरुवात केली. पुढे त्यांना मोठे यंत्र हवे होते. ते मिळाले ते लेख आणि दस्तऐवज नीट मांडून छापण्याची सोय करून देऊ, या बोलीवर. १९७१ मध्ये युनिक्सचा वापर करणाऱ्या पहिल्या मंडळींत त्याच संस्थेच्या पेटंट विभागातील टंकलेखक होते. म्हणजे जी प्रणाली आज जगभर पसरली आहे, तिच्या पायाशी आकडे नव्हते, मजकूर होता. हे वाचले तेव्हा त्या संगणक-कक्षातील वाक्याचे ओझे थोडे उतरले.

ग्रेपची जन्मकथा तर थेट आपल्या शाखेची आहे. अमेरिकेची राज्यघटना लोकांनी स्वीकारावी म्हणून १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ निबंध प्रसिद्ध झाले. ते हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी लिहिले होते, पण त्यांपैकी बारा निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, याचा वाद पुढे दीडशेहून अधिक वर्षे चालला. १९६४ मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी अगदी किरकोळ शब्द मोजून तो वाद मॅडिसनच्या बाजूने सोडवला. भारदस्त शब्द कोणीही वापरतो. पण ‘वर’, ‘तर’, ‘असताना’ अशा अर्थाचे बारके शब्द माणूस नकळत लिहितो आणि त्यातच त्याची ओळख राहून जाते.

बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमॅहन यांना याच निबंधांचा अभ्यास करायचा होता. तिथे ‘एड’ नावाचा संपादक-प्रोग्रॅम होता, पण त्या काळच्या लहान यंत्राच्या स्मृतीत इतका मजकूर एडमध्ये मावेना. एडमध्ये एक आज्ञा होती : संपूर्ण मजकुरात अमुक नमुना शोध आणि तो असलेली प्रत्येक ओळ छाप. ‘सर्वत्र’साठी जी, ‘नमुन्या’साठी आर-ई आणि ‘छाप’साठी पी ही इंग्रजी आद्याक्षरे जोडली की ‘ग्रेप’ होते. टॉम्पसन यांनी तेवढा शोधाचा भाग एडमधून वेगळा काढला. आता सगळा मजकूर पोटात घेण्याची गरज राहिली नाही. एक ओळ वाचायची, नमुना असेल तर छापायची, नसेल तर सोडून द्यायची आणि पुढची ओळ घ्यायची. १९७३ च्या युनिक्स-पुस्तिकेत ग्रेप दाखल झालेला आहे. आई ताटात घेऊन तांदूळ निवडते, तेव्हा सगळे पोते ताटात ओतत नाही. तसेच हे.

त्याच मॅकमॅहन यांनी पुढे सेड लिहिला. ग्रेप ओळ निवडतो, तर सेड ओळीत बदल करतो. ‘या शब्दाच्या जागी तो घाल’ असे एकदा सांगितले की हजार ओळींतही तो न थकता घालतो. १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिघांनी ऑक तयार केला आणि आपल्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला नाव दिले. ऑक ओळीचे रकाने पाडतो आणि त्यांचा हिशेब ठेवतो. तेव्हा निवडणे, दुरुस्त करणे आणि मापणे अशी ही तीन कामे.

नळाला नळ जोडणे

या अवजारांचे खरे बळ त्यांच्या जोडणीत आहे. डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवले होते की, बागेतील पाण्याचे नळ जसे एकाला एक जोडता येतात, तसे प्रोग्रॅम जोडता आले पाहिजेत. १९७३ मध्ये टॉम्पसन यांनी एका रात्रीत ती सोय करून दिली. दोन आज्ञांमध्ये एक उभी रेघ मारली की पहिलीतून निघालेला मजकूर दुसरीत जातो.

या जोडणीचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९८६ मध्ये डोनल्ड नुथ या थोर संगणकशास्त्रज्ञाने एका मासिकातील सदरासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. कोणत्याही मजकुरातील सर्वांत अधिक वेळा आलेले शब्द त्यांच्या संख्येसह छापायचे, हे त्याचे काम. प्रोग्रॅम आणि त्याचे विवेचन मिळून कित्येक पाने झाली. त्यावर अभिप्राय लिहिताना मॅकिलरॉय यांनी नुथच्या कारागिरीचे कौतुक केले आणि तेच काम अवघ्या सहा आज्ञांची साखळी जोडून करून दाखवले. ती साखळी अशी :

पहिली आज्ञा : जे जे इंग्रजी अक्षर नाही, त्याच्या जागी नवी ओळ घाल. त्यामुळे एका ओळीवर एक शब्द येतो.
दुसरी : मोठ्या लिपीतील अक्षरे लहान कर.
तिसरी : सगळ्या ओळी अनुक्रमाने लाव.
चौथी : लागोपाठच्या सारख्या ओळींची एकच ओळ कर आणि तिच्यापुढे संख्या लिही.
पाचवी : संख्येप्रमाणे उतरता क्रम लाव.
सहावी : हव्या तेवढ्या ओळी छापून थांब.

यात तिसऱ्या पायरीचे मर्म ध्यानात घ्यावे. चौथी आज्ञा फक्त शेजारशेजारच्या सारख्या ओळी एक करते. ‘भाऊ’ हा शब्द दहाव्या ओळीवर आणि पुन्हा दोनशेव्या ओळीवर असेल, तर तिला त्यांची गाठ घालता येत नाही. म्हणून आधी क्रम लावून सारखे शब्द शेजारी आणायचे. वडिलांच्या आडतीवरही एका शेतकऱ्याची पोती आधी एका जागी लावतात, मगच मोजतात.

कोरी ओळ

मी ही साखळी जशीच्या तशी उतरवून घेतली आणि आजीच्या ओव्यांवर चालवली. क्षणात उत्तर आले : १, आणि त्यापुढे काहीच नाही. दोनशे बारा ओव्यांतून यंत्राला मिळाली होती एक कोरी ओळ! मला वाटले, आठ दिवसांचे काम माझ्या हातून पुसले गेले. तसे काही झाले नव्हते. साखळीच्या पहिल्या कडीला ‘इंग्रजी अक्षर नसेल ते काढ’ असे सांगितलेले होते आणि आजीच्या ओव्यांत इंग्रजी अक्षर एकही नव्हते. तिने सगळा ग्रंथच ‘अक्षर नव्हे’ म्हणून गाळून टाकला. यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळली होती. आज्ञा देताना मात्र आपल्या लिपीचा विचार कोणी केला नव्हता.

आपली लिपी यंत्रात कशी राहते, हे त्या दिवशी मला समजून घ्यावे लागले. यंत्रात प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. जगातील लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ ची आणि तीत देवनागरीची मांडणी भारतात १९८८ मध्ये ठरलेल्या ‘इस्की’ या संकेतावरून घेतली आहे. हे क्रमांक साठवण्याची जी पद्धत आज सर्वत्र चालते, ती यूटीएफ-८. ती १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका खाणावळीत, ताटाखाली घालायच्या कागदावर, रॉब पाइक यांच्यासमवेत मांडली ती याच केन टॉम्पसन यांनी!

या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. ‘आजी’ हा शब्द आपल्या डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या दृष्टीने त्यात तीन चिन्हे आहेत : आ, ज आणि दीर्घ ईची वेलांटी. बाइट मोजले तर नऊ. दोन, तीन की नऊ? तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणाला विचारले यावर ते अवलंबून आहे.

यूटीएफ-८ चा एक गुण आम्हाला तारक ठरला. मोकळी जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम आणि इंग्रजी अक्षरे यांचे क्रमांक ० ते १२७ च्या आत आहेत आणि ते दुसऱ्या कोणत्याही लिपीतील चिन्हाच्या पोटात कधीच येत नाहीत. म्हणून मोकळ्या जागेवर मजकूर तोडला तर देवनागरी अक्षराचे तुकडे होत नाहीत. दादाने पहिली कडी उलटी फिरवली. ‘अक्षर कोणते’ हे सांगण्याऐवजी ‘शब्द कुठे तोडायचा’ हे सांगितले : मोकळी जागा, स्वल्पविराम आणि पूर्णविराम दिसेल तिथे नवी ओळ घाल. दुसरी कडी तर आम्ही काढूनच टाकली, कारण देवनागरीत मोठी लिपी आणि लहान लिपी असा भेद नाही. सहा कड्यांच्या जागी पाच राहिल्या. पुन्हा एंटर दाबले आणि पडद्यावर आजीचे शब्द उतरत गेले. सर्वांत वर होता ‘बाई’. आजी दर ओवीला ‘बाई’ म्हणते, हे मला इतक्या वर्षांत जाणवले नव्हते. मोस्टेलर आणि वॉलेस यांचा मुद्दा तेव्हा मला नीट कळला.

सारखे दिसणारे दोन शब्द

यादी खाली वाचत गेले तेव्हा एक कोडे पडले. ‘वाऱ्यानं’ हा शब्द दोन वेगळ्या ओळींवर, दोन वेगळ्या संख्यांसह आला होता. दोन्ही दिसायला हुबेहूब. मग उलगडा झाला. मराठीतला हा ‘ऱ्या’ दोन प्रकारांनी टाइप होतो. एका प्रकारात नुक्त्याचा स्वतंत्र ‘ऱ’ असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. मी एका प्रकाराने टाइप केले होते आणि मैत्रिणीने दुसऱ्या. माणसाला दोन्ही एकच वाटतात, यंत्राला ते दोन परके शब्द वाटतात. इथे सेड कामी आला. ‘दुसऱ्या प्रकाराच्या जागी पहिला घाल’ ही एकच ओळ लिहिली आणि भेद मिटला. ज्यांना मराठी मजकुरात शोध घ्यायचा असेल त्यांनी ही काळजी आधीच घ्यावी. तसेच, जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर वरून देवनागरी दिसला, तरी आतून इंग्रजी चिन्हांचा असतो. त्यात ग्रेपला ‘भाऊ’ सापडणार नाही. आधी तो युनिकोडमध्ये आणावा लागतो.

नमुना म्हणजे काय?

ग्रेपला पुरता शब्द सांगितलाच पाहिजे असे नाही, नमुना सांगितला तरी चालतो. या नमुन्यांचे गणित स्टीफन क्लेनी यांनी १९५० नंतरच्या दशकात मांडले. त्याचे मूळ मेंदूतील मज्जापेशींच्या जाळ्याच्या अभ्यासात होते, हे वाचून नवल वाटते. नमुन्यात टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह. टोपीसारखी खूण म्हणजे ओळीचा आरंभ. तारका म्हणजे तिच्या आधीचे चिन्ह कितीही वेळा, अगदी शून्य वेळाही. ही तारका पुढे फार उपयोगी पडली.

पण नमुन्याने फसगतही होते. जात्याचे उल्लेख शोधावेत म्हणून मी ‘जात’ हा नमुना दिला. ‘जातं’ मिळाले, ‘जात्यावर’ मिळाले. त्यांच्याबरोबर ‘माहेरी जातो’ मधला ‘जातो’ही आला आणि एके ठिकाणी माणसाची जातही आली. यंत्राला आकार कळतो, अर्थ कळत नाही. ‘भाव’ शोधला तर ‘भावाला’ मिळतो आणि ‘भावभक्ती’ही मिळते. आमच्या वडिलांच्या बाजारात शोधला असता तर ज्वारीचा भावच मिळाला असता.

आता सरांचा पहिला प्रश्न. भाऊ, भाव, बंधू असे सगळे नमुने एकत्र दिले, तेव्हा ग्रेपने ३८ ओळी मोजल्या. माझ्या ४३, ४५, ४७ पैकी एकाशीही मेळ बसेना. कारण ग्रेप ओळी मोजतो, उल्लेख नव्हे. एका ओवीत भाऊ दोनदा आला तरी ओळ एकच. प्रत्येक उल्लेख वेगळ्या ओळीवर छापायला सांगितले, तेव्हा ४६ भरले. त्यांतल्या दोन ‘भावभक्ती’ वगळल्या की उरले ४४. ओळीही खऱ्या आणि उल्लेखही खरे. आपण काय मोजतो आहोत हे आधी ठरवावे लागते, हा धडा मला प्रकल्पापेक्षा मोठा वाटतो.

त्यानंतर प्रत्येक ओवीच्या आधी तिचा क्रमांक आणि विषय यांचे दोन रकाने घातले : माहेर, सासर, विठ्ठल, पाऊस, लेक. ऑकला एवढेच सांगायचे की दुसऱ्या रकान्यात जो शब्द येईल त्याच्या नावाच्या कप्प्यात एक वाढव आणि शेवटी सगळे कप्पे छाप. ऑकचे कप्पे आकड्यांनी नव्हे, शब्दांनी ओळखले जातात. म्हणून भाषेच्या विद्यार्थ्याला तो लवकर आपलासा वाटतो.

नवरा कुठे आहे?

राहिला सरांचा दुसरा प्रश्न. नवरा, धनी, भ्रतार, जेवढे शब्द सुचले तेवढे सगळे ग्रेपला दिले. २१२ ओव्यांत अवघ्या तीन ओळी निघाल्या. आजीच्या गाण्यात आजोबा जवळजवळ नाहीतच, असा निष्कर्ष मी लिहूनही टाकला. रात्री जेवताना तो आजीला वाचून दाखवला. तिने घास तसाच धरला आणि मोठ्याने हसली.

“आगं, नवरा म्हनून कोन म्हनतंय? कुंकू बघ की तुज्या त्या मशिनीत.”

दुसऱ्या दिवशी मी ‘कु’, त्यावर अनुस्वार, त्यापुढे तारका आणि मग ‘क’ असा नमुना दिला. युनिकोडमध्ये अनुस्वार हे स्वतंत्र चिन्ह असल्याने तारका नेमकी त्यालाच लागू पडते. त्यामुळे ‘कुंकू’, ‘कुंकवाचा’ आणि आजीच्या बोलीतला बिनअनुस्वाराचा ‘कुकू’ असे सगळे एकदम सापडतात. ओळी निघाल्या २९. त्या मी आजीला एकेक करून वाचून दाखवल्या. ती सांगत गेली : ह्ये कपाळावरचं, ह्ये मानूस, ह्ये मानूस, ह्ये बाजारातलं. शेवटी हिशेब केला तेव्हा १९ ओळींत कुंकू म्हणजे आजोबा होते. मी लिहिलेला निष्कर्ष खोडून टाकला.

मला शोधायला ग्रेप लागला हे खरे आहे. २१२ ओव्यांतून ते २९ कुंकू मला डोळ्यांनी बिनचूक काढता आले नसते. पण त्या २९ मधील १९ कोणते, हे कोणत्याही नमुन्याने सांगता आले नसते. ते सांगायला जिने त्या ओव्या दळता दळता म्हटल्या ती बाईच हवी होती, आणि तिचे म्हणणे लिहून घेणारे कोणीतरी हवे होते. यालाच मी आता कला शाखेचे काम समजते.

एक गोष्ट सांगून थांबते. कर्निहॅन यांच्या मूळ ऑकला देवनागरीसारख्या लिप्यांतील चिन्हे मोजता येत नव्हती. ‘आजी’ची लांबी तो नऊ सांगे. २०२२ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, कर्निहॅन यांनी स्वतः बसून त्याला युनिकोड शिकवले आणि २०२३ मध्ये ऑकवरील त्यांच्या १९८८ च्या ग्रंथाची दुसरी आवृत्तीही प्रसिद्ध झाली. आता तो ‘आजी’ची लांबी तीन सांगतो.

आमच्या आजीचे वय कागदोपत्री कुठेच नाही. तीही ऐंशीच्या घरातच असावी. ती परवा मला म्हणाली, “मोजून झालं आसल तर एक म्हनून बी दाखव.” मला चाल येत नाही. या सुटीत ती शिकायची आहे.